पॅरिश परिषदेच्या सदस्यांसाठीचे निवासी शिबिर : हिशेबाची वही सोबत न्यावी

आमचा धर्मग्राम (पॅरिश) जालना आणि बीड या जिल्ह्यांच्या सीमेवर आहे. मुख्य मंदिर, म्हणजे चर्च, तालुक्याच्या गावी असून त्याला अकरा खेडी जोडलेली आहेत, आणि फादर एकटेच असल्यामुळे बहुतेक खेड्यांत मिस्सा (ख्रिस्तयाग) महिन्यातून एकदाच होते. उरलेल्या रविवारी प्रार्थना चालवतात ते गावचे मास्तर, म्हणजे धर्मशिक्षक. गेल्या वर्षी पॅरिश परिषदेचा चिटणीस म्हणून माझी निवड झाली, तेव्हा बैठकीचे इतिवृत्त लिहिण्यापलीकडे या पदाचे काम काय, हे मला ठाऊक नव्हते. छत्रपती संभाजीनगरजवळच्या एका साधनाकेंद्राने जानेवारीत अशा परिषदांच्या सदस्यांसाठी श्रद्धा, नेतृत्व आणि कृतज्ञता या विषयांवर निवासी शिबिर घेतले. शुक्रवार संध्याकाळपासून रविवार दुपारपर्यंत, प्रत्येकी ५०० रुपये शुल्क. आम्ही पाच जण गेलो होतो. इतर धर्मग्रामांना आपले सदस्य पाठवावेत की नाही हे ठरवता यावे, म्हणून हा अनुभव लिहीत आहे.

पहिले सत्र चर्चच्या कायद्यावर होते आणि ते कंटाळवाणे होईल हा माझा अंदाज चुकला. १९८३च्या कॅनन लॉमधील ५३६वे कलम पालकीय परिषदेविषयी, म्हणजेच आमच्या पॅरिश परिषदेविषयी आहे. ती स्थापन करायची की नाही हे बिशप ठरवतात आणि तिचे मत केवळ सल्ल्याच्या स्वरूपाचे असते. पुढचेच ५३७वे कलम मात्र प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असलीच पाहिजे असे सांगते. हे ऐकून आमच्यातले एक ज्येष्ठ काका उठून म्हणाले, "आमचं मत सल्ल्यापुरतंच असेल, तर आम्ही तिथं बसायचं कशाला?" सत्र घेणाऱ्या सिस्टरांनी त्यांना खाली बसवले नाही. त्यांनी बायबलमधील निर्गमाच्या पुस्तकातील अठरावा अध्याय वाचायला लावला, ज्यात मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे न्यायनिवाडे करत बसतो आणि त्याचे सासरे इथ्रो त्याला सांगतात की अशाने तूही थकशील आणि लोकही थकतील. मोशेने तो सल्ला मानला आणि हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसे नेमली. त्यानंतर प्रेषितांच्या कृत्यांतील सहावा अध्याय झाला. रोजच्या वाटपात आपल्या विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी ग्रीक भाषिकांची तक्रार आल्यावर प्रेषितांनी सगळ्या मंडळीला बोलावून सात जण निवडायला सांगितले, हा प्रसंग मी कितीतरी वेळा ऐकला होता. पण त्याची सुरुवात एका तक्रारीने होते, याकडे माझे लक्ष कधी गेले नव्हते. मग प्रत्येक धर्मग्रामाला एक कोरा कागद मिळाला आणि गेल्या वर्षभरात आलेली, परंतु इतिवृत्तात न लिहिलेली एक तक्रार त्यावर लिहायची होती. आमची एक वस्ती मुलांच्या शाळेच्या मदतीसाठी दोनदा विचारून गेली होती. ती नोंद न करणारा चिटणीस मीच होतो.

शिबिराचा खरा गाभा शनिवारी दुपारी उलगडला. कृतज्ञतेवरचे प्रवचन म्हणजे येशूने बरे केलेले दहा कुष्ठरोगी आणि त्यांपैकी परत येऊन त्याच्या पाया पडणारा एकटा शोमरोनी, म्हणजे परका माणूस, इतके आम्ही गृहीत धरले होते, आणि सुरुवात तशी झालीही. मिस्सेसाठीच्या युखारिस्त या ग्रीक शब्दाचा अर्थच उपकारस्तुती, हेही पुन्हा सांगून झाले. त्यानंतर मात्र प्रवचन देणाऱ्या फादरांनी आम्हाला आपापल्या हिशेबाच्या वह्या उघडायला सांगितल्या, कारण १२८७व्या कलमानुसार भाविकांनी अर्पण केलेल्या मालमत्तेचा हिशेब भाविकांना द्यावा लागतो. आमच्या वहीत 'धान्यविक्री' अशी एकच ओळ होती. सुगीनंतर खेड्यापाड्यांतल्या बायका वेदीपुढे ज्वारी आणून ठेवतात, कोणी पायली, कोणी दोन पायल्या, ती सगळी एकत्र विकून आलेली रक्कम म्हणजे ती ओळ. मंदिराला पंखा देणाऱ्याचा आम्ही शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला होता आणि पंख्यावर त्याचे नाव रंगवले होते. ज्वारी देणाऱ्या एकीचेही नाव आमच्याकडे नव्हते, आणि तिच्या ज्वारीचे पुढे काय झाले हे तिला कोणी कधी सांगितले नव्हते. देणाऱ्याला हिशेब सांगणे हाही त्याचे आभार मानण्याचाच भाग आहे, असे फादर म्हणाले. मला त्या रात्री बराच वेळ झोप लागली नाही. झोपण्यापूर्वी येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांच्या पद्धतीने पंधरा मिनिटे आत्मपरीक्षण होते, ज्याची पहिली पायरीच दिवसभरात मिळालेल्या दानांबद्दल देवाचे आभार मानण्याची आहे. मी त्या पहिल्या पायरीवरच थांबलो.

निवास स्वच्छ होता. जेवणात ज्वारीची भाकरी, पिठले आणि ठेचा असे घरचेच पदार्थ होते. खोल्या वरच्या मजल्यावर असल्याने गुडघेदुखी असलेल्या सदस्यांनी तळमजल्याची खोली आधीच मागून घ्यावी.

उणिवाही स्पष्टपणे सांगायला हव्यात. सर्वांत मोठी उणीव तारखांची. आमच्या अकरापैकी चार खेड्यांतली बहुतेक घरे दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात जातात आणि गुढीपाडव्याच्या आसपास परततात. त्यांचा नाताळ फडातच होतो. त्या वस्त्यांनी निवडून दिलेला प्रतिनिधी जानेवारीत हातात कोयता घेऊन उभा असतो, आणि लोकांचे ऐकून घेण्यावरचे हे उत्तम शिबिर नेमके त्याच्याशिवाय पार पडते. दुसरे असे की मास्तरांना स्वतंत्र निमंत्रण नव्हते. पोप फ्रान्सिस यांनी मे २०२१ मध्ये धर्मशिक्षकाच्या सेवेला चर्चमध्ये रीतसर सेवापदाचा दर्जा दिला आहे. आमच्याकडे तर वर्षातले बहुतेक रविवार याच माणसांच्या भरवशावर साजरे होतात. टिपणांची भाषाही खेड्यातल्या सदस्यांना जड गेली. आमच्या पाच जणांत एकच बाई होती, हा दोष मात्र केंद्राचा नसून आमचा आहे.

परतल्यापासून आम्ही दर तीन महिन्यांनी प्रत्येक खेड्यात मिस्सेनंतर हिशेब वाचून दाखवतो आणि धान्य देणाऱ्यांची नावे वेगळ्या वहीत लिहितो. पहिल्याच वाचनात पेट्रोलचा खर्च इतका कसा, असा प्रश्न आला. आमच्या फादरांनी अकरा खेड्यांचे अंतर मांडून दाखवले, आणि पुढच्या महिन्यात दोन तरुणांनी आपापल्या मोटारसायकलवर त्यांना लांबच्या वस्त्यांवर नेण्याची जबाबदारी घेतली.

ज्या धर्मग्रामात परिषद नवी आहे किंवा केवळ सणांच्या तयारीपुरती भरते, त्यांनी सदस्य अवश्य पाठवावेत. चिटणीस आणि खजिनदार दोघेही जावेत आणि मूळ वह्या सोबत न्याव्यात, झेरॉक्स नव्हे. पुढचे शिबिर मे महिन्यात, मृगाच्या आधी घ्यावे, असे पत्र आम्ही केंद्राला पाठवले आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या वस्त्यांतील तिघांची नावे आणि त्यांचे शुल्क त्या पत्रासोबतच जोडले आहे.