सोमनाथला रूम बुक करताय? पैसे पाठवायच्या आधी हे वाचा

द्वारका-सोमनाथ-दीव असा प्लॅन डोक्यात असेल आणि रूम फोनवरून बुक करायची असेल तर पाच मिनिटं काढून हे वाचा प्लीज. खोट्या बुकिंगमध्ये आमचे २३,३४० रुपये गेलेत. "एवढेच ना, लोकांचे लाखो जातात" असं म्हणणारेही भेटले, त्यांना माझा नमस्कार. पण मी लिहितेय ते पैशांसाठी कमी आणि एका प्रश्नासाठी जास्त, जो मला बिल्डिंगमध्ये, ऑफिसमध्ये, नातेवाईकांत सगळ्यांनी विचारला, "अगं पण चेक नाही का केलंस?" केलं होतं हो. पेपरात, टीव्हीवर जे जे चेक करा म्हणून सांगतात त्यातलं बरंचसं केलं होतं, आणि त्यातलं जवळपास सगळं खोटं बनवता येतं हे आता कळलंय.

आम्ही मुलुंडला राहतो. आईला द्वारका बघायची होती, नवऱ्याला समुद्र पाहिजे होता, मावशी आणि काका "आम्ही पण येतो" म्हणाले, आणि सौराष्ट्राचा किनारा असा आहे की दोन्ही पार्ट्या खूश होतात. द्वारकेपासून साधारण १२ किलोमीटरवर शिवराजपूर बीच, ब्लू फ्लॅग (स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्यांना मिळणारं आंतरराष्ट्रीय मानांकन) मिळालेला. तिथून खाली पोरबंदर, मग माधवपूर, जिथे कृष्ण-रुक्मिणीचं लग्न झालं म्हणतात आणि चैत्रात त्याची मोठी जत्रा भरते. आई आणि मावशी अमरावतीकडच्या, रुक्मिणी कौंडिण्यपूरची म्हणजे यांच्या गावची मुलगी, त्यामुळे माधवपूरला थांबायचंच हे आधीच ठरलेलं. पुढे सोमनाथ, आणि शेवटी दीव, नागोआ बीच आणि गंगेश्वर, जिथे समुद्राच्या लाटा येऊन खडकातल्या पाच शिवलिंगांवर पडतात. जाताना मुंबई सेंट्रलहून सौराष्ट्र मेल, दुसऱ्या दिवशी दुपारी द्वारका. येताना वेरावळहून गाडी. तिकिटं झाली, प्रश्न उरला सोमनाथच्या रूमचा.

सोमनाथ ट्रस्टची स्वतःची अतिथीगृहं आहेत, सागर दर्शन, लीलावती, माहेश्वरी, मंदिराच्या जवळपास आणि रेट पण ठीक, त्यामुळे नाताळच्या सुट्टीत सगळ्यांना तिथेच पाहिजे असतं. ट्रस्टच्या साईटवर आमच्या तारखा फुल दाखवत होत्या. मग संध्याकाळी लोकलमध्ये उभ्या उभ्या मोबाईलवर सर्च केलं, वरतीच एक साईट आली, मंदिराचा फोटो, अतिथीगृहाचं बरोबर नाव, खाली फोन नंबर आणि "कॉल नाऊ". वरती बारीक अक्षरात "प्रायोजित" लिहिलेलं असतं, म्हणजे पैसे देऊन वर आणलेली जाहिरात, पण घाटकोपरच्या गर्दीत एका हाताने फोन धरून कोण वाचतंय ते.

फोन उचलणाऱ्याने पहिला शब्द उच्चारला "जय सोमनाथ". मग हॅलो वगैरे काही नाही, थेट "कितने यात्री, माताजी की उमर क्या है?" हिंदी पण गुजराती वळणाची. आई ७१ ची आहे म्हटल्यावर म्हणाला ग्राउंड फ्लोअर देतो, जेवणाच्या हॉलजवळ, पायऱ्या नकोत त्यांना. आरती सकाळी सात, दुपारी बारा, संध्याकाळी सात. मंदिरात मोबाईल चालत नाही, लॉकरमध्ये ठेवावा लागतो, चामड्याचा पट्टा-पाकीट शक्यतो रूमवर ठेवा. सगळं बरोबर होतं! नंतर तिथे जाऊन बघितलं तर एकही गोष्ट चुकीची नव्हती.

मी पण थोडी परीक्षा घेतली त्याची. म्हटलं अहिल्याबाईंचं मंदिर कुठे आहे तिथे? मराठी माणूस सोमनाथला गेला की हे बघतोच, अहिल्याबाई होळकरांनी १७८३ मध्ये मूळ मंदिराच्या शेजारी बांधलेलं, आत्ताचं मोठं मंदिर तर स्वातंत्र्यानंतरचं, ११ मे १९५१ ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या उपस्थितीत प्राणप्रतिष्ठा झाली त्याची. तर हा माणूस न अडखळता म्हणाला, हां मॅडम, पुराना सोमनाथ, बिलकुल पास में, शिवलिंग नीचे है, सीढ़ी उतरनी पड़ती है, माताजी को संभाल के ले जाना. आता मला सांगा, एवढं सांगणाऱ्या माणसावर संशय घेणार कोण? मला वाटत होतं फ्रॉडवाला म्हणजे बँकेतून बोलतोय म्हणून ओटीपी मागणारा, घाई करणारा, धमकी देणारा. याने घाई अजिबात केली नाही. उलट म्हणाला घरी विचारून सांगा, मी उद्या संध्याकाळपर्यंत रूम धरून ठेवतो.

घरी येऊन नवऱ्याने त्याच्या पद्धतीने तपासलं. साईटला कुलूपाचं चिन्ह होतं. त्याचा अर्थ फक्त एवढाच की तुमचा फोन आणि ती साईट यांच्यातलं बोलणं मधे कोणी वाचू शकत नाही, समोर चोर बसलाय की ट्रस्टी हे कुलूप सांगत नाही. कॉलर आयडीच्या अ‍ॅपवर नंबर टाकला तर अतिथीगृहाचंच नाव आलं. ते नाव नंबरवाला स्वतः ठेवू शकतो, चार जणांनी तसं सेव्ह केलं तरी येतं. पावतीवर जीएसटी नंबर होता, तो आम्ही नंतर सरकारी पोर्टलवर टाकून बघितला तर निघाला कुठल्यातरी भलत्याच दुकानाचा, म्हणजे नंबर खरा, पण यांचा नाही.

रूमचे दोन दिवसांचे ७,८४० आधी पाठवले. पीडीएफ आली, वरती कळस, बुकिंग नंबर, खाली नियम, चेक-इन चेक-आउट, सगळं. दुसऱ्या दिवशी त्याचाच फोन, गाडी ठरली का? नाही म्हटल्यावर द्वारका स्टेशनपासून वेरावळला सोडेपर्यंत सात सीटर, ९,००० अ‍ॅडव्हान्स, बाकीचे ड्रायव्हरला द्या. आणि दीवला समुद्रासमोरचं हॉटेल, ६,५००. हे सगळं जवळच्या माणसासारखं चाललेलं, आईच्या गुडघ्यांची चौकशी वगैरे. मग पाचही जणांची आधार कार्डं मागितली, हॉटेलमध्ये मागतातच म्हणून पाठवली.

आता नीट वाचा, कारण अख्ख्या प्रकरणात खरी गोष्ट फक्त एकाच ठिकाणी दिसत होती. क्यूआर कोड स्कॅन केला की पैसे पाठवायच्या आधी समोरच्याचं नाव येतं ना, तिथे ट्रस्टचं नाव नव्हतं, कुठल्यातरी माणसाचं होतं. विचारलं, तर म्हणाला अकाउंट ऑफिसर का है, ट्रस्ट का खाता ऑडिट में है. हे नाव त्याला बदलता येत नाही. जून २०२५ अखेरपासून एनपीसीआयने (यूपीआय चालवणारी संस्था) सगळ्या यूपीआय अ‍ॅपना सांगितलंय की बँकेत खात्यावर जे नाव नोंदलेलं आहे तेच पैसे पाठवताना दाखवायचं, आपण सेव्ह केलेलं किंवा त्याने ठेवलेलं नाही. साईट, फोटो, पीडीएफ, आवाज, जय सोमनाथ, सगळं नकली होऊ शकतं, हे एक नाव तेवढं बँकेतून येतं. मंदिराचे, देवस्थानाचे, सरकारी रिसॉर्टचे पैसे कुणा भाऊच्या किंवा कुमारच्या खात्यात जात असतील तर कारण कितीही गोड असू दे, फोन ठेवा.

द्वारकेला उतरलो, गाडी नाही. फोन लावला, पहिल्यांदा रिंग वाजली, कट. मग स्विच ऑफ. तरी आमच्या काकांना वाटत होतं गाडी ट्रॅफिकमध्ये असेल, द्वारकेत कसलं आलंय ट्रॅफिक. तासभर वाट बघून रिक्षाने लॉज गाठला, दुसरी गाडी केली आणि मनातल्या मनात "फक्त गाडीवाल्याने फसवलं, रूम तरी असेल" असं म्हणत राहिलो. माणूस किती वेळ स्वतःची समजूत घालू शकतो बघा. द्वारकाधीशाचं दर्शन मस्त झालं, बावन्न गजी ध्वजा चढताना आई रडली वगैरे, ते वेगळं लिहीन कधीतरी. शिवराजपूरचं पाणी खरंच निळं आहे. माधवपूरला मावशीने रुक्मिणीसाठी मुंबईहून नेलेली हिरवी चोळी दिली.

सोमनाथला पोहोचलो तेव्हा अंधार पडला होता. काउंटरवरच्या माणसाने आमची पीडीएफ वाचलीच नाही, लांबूनच रंग बघून मान हलवली आणि गुजरातीत शेजारच्याला काहीतरी म्हणाला. मुलुंडमध्ये गुजराती शेजारी असल्याने तेवढं कळतं, "आजे पण आव्या", म्हणजे आज पण आले. हे ऐकल्यावर पाय गळाले. त्याचं काही चुकलं नव्हतं, उलट त्याने आईला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि जवळच्या दोन हॉटेलांचे नंबर दिले. नाताळचा रेट होता, जो मागितला तो दिला. काका त्या रात्री जेवले नाहीत.

त्याच रात्री १९३० ला फोन केला. हा सायबर फसवणुकीचा सरकारी हेल्पलाईन नंबर, देशभर एकच. तक्रार घेतली, ट्रान्झॅक्शन नंबर विचारले, सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवर पण भरा म्हणाले. पण समोरच्या बाईंनी विचारलं पैसे कधी पाठवलेत, आणि तारीख सांगितल्यावर त्या क्षणभर थांबल्या. कारण १९३० चं काम असं चालतं की तक्रार आली की पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेला कळवून तिथेच अडवायचे, आणि चोर ते पैसे काही तासांत चार खात्यांतून फिरवून काढून घेतो. लगेच कळवलं तर काहीतरी हाती लागतं. आमचे पैसे जाऊन तीनेक आठवडे झाले होते.

या धंद्याची सगळी गंमत इथेच आहे, आणि म्हणूनच ते रूम बुकिंग निवडतात असं माझं मत झालंय. ओटीपीचा फ्रॉड झाला तर मेसेज येतो, दहा मिनिटांत कळतं. रूमचा फ्रॉड तुम्ही तिथे जाऊन उभे राहीपर्यंत कळतच नाही. त्यात आपण हौसेने महिना महिना आधी बुक करतो, म्हणजे चोराला महिनाभराची सुट्टी. त्यामुळे पैसे भरले की त्याच दिवशी, ट्रस्टच्या खऱ्या साईटवरचा नंबर बघून (सोमनाथची सोमनाथ डॉट ओआरजी आहे) तिथे फोन करून बुकिंग नंबर खरा आहे का विचारायचं. पीडीएफवर छापलेल्या नंबरला फोन करून काही उपयोग नाही, तो चोरच उचलतो. केंद्र सरकारच्या सायबर क्राईम सेंटरने एप्रिल २०२५ मध्येच यात्रेकरूंसाठी इशारा दिला होता, केदारनाथचं हेलिकॉप्टर, चारधाम, गेस्ट हाऊस यांच्या खोट्या साईट्सबद्दल, सोमनाथचं नाव पण होतं त्यात. आम्ही तो वाचला फसल्यावर.

बँकेने सांगितलं तुम्ही स्वतः पिन टाकून पाठवलेत, त्यामुळे आमची जबाबदारी नाही. आरबीआयचा २०१७ चा नियम आहे, तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाचं नुकसान नाही असा, पण तो तुमच्या नकळत खात्यातून पैसे गेले त्याला लागतो, आपल्याच हाताने पाठवलेल्या पैशांना नाही. मुंबईला आल्यावर पोलीस स्टेशनला जाऊन आलो, हवालदार चांगला होता, लिहून घेतलं. एका खात्यात दोन-अडीच हजार होल्ड झालेत असं कळलंय, ते मिळवायला अर्ज केलाय.

आधार कार्डाचं टेन्शन वेगळंच. आमची पाच कार्डं त्याच्याकडे आहेत. यूआयडीएआयच्या (आधार देणारी सरकारी संस्था) साईटवर बायोमेट्रिक, म्हणजे बोटांचे ठसे वगैरे, लॉक करता येतं, ते सगळ्यांचं केलं. यापुढे कुठेही द्यायचं तर मास्क्ड आधार, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात, डाऊनलोड करताना तो पर्याय असतो.

आणि जखमेवर मीठ म्हणजे, मी वैतागून सोशल मीडियावर चार ओळी लिहिल्या होत्या, दोन दिवसांत फोन, "सायबर सेल से बोल रहा हूँ, आपका पैसा ट्रेस हो गया", फक्त १,९९९ फाईल चार्ज भरा. नवरा स्पीकरवर ऐकत होता, त्याने त्याला अस्सल मुलुंडच्या मराठीत जे काय सांगितलं ते इथे लिहिता येणार नाही. पोलीस पैसे परत द्यायला फी घेत नाहीत. एकदा फसलेल्या माणसांची यादी यांच्याकडे असते आणि ती फिरते, असं मला वाटायला लागलंय.

परवा ऑफिसातल्या एकीने तिच्या सासूबाईंसाठी केलेलं बुकिंग दाखवलं, गणपतीपुळ्याचं, मे महिन्यातलं. पीडीएफ उघडली आणि मी उडालेच. तोच केशरी पट्टा, त्याच नियमांची तीच भाषा, चेक-आउटच्या स्पेलिंगमधली चूकसुद्धा तीच, फक्त सोमनाथच्या कळसाच्या जागी पुळ्याचं देऊळ आणि समुद्र. तिने पैसे आदल्या रात्रीच पाठवले होते, म्हणून जेवणाचा डबा तसाच ठेवून तिथल्या तिथे १९३० लावला. तिचे साडेचार हजार खात्यात अडकवलेत म्हणे, चोराने काढायच्या आत.