गोंद, जाळी, विष, काटे: सोसायटीतल्या ‘उपायां’ची पारख

खालच्या मजल्यावरचे काका गॅलरीत गोंदाची पट्टी ठेवतात, तिला खारीचं पिल्लू चिकटतं आणि सोसायटीच्या ग्रुपवर दोन दिवस रणकंदन चालतं. पट्टी जागची हलत नाही. अशा भांडणात सगळे काकांना बोलतात. ज्या पुडक्यामुळे हे घडलं त्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. म्हणून इथे पुडक्यांची परीक्षा केली आहे. निकष दोनच: मूळ त्रास थांबतो का, आणि ज्याला पकडायचंच नव्हतं असं कोण कोण त्यात सापडतं. बेल वाजवायला जाल तेव्हा हातात तक्रारीबरोबर दुसरी वस्तूही असली, तर दार जास्त वेळ उघडं राहतं.

उंदरांचा गोंद: ५ पैकी ०

पुठ्ठ्याचं पुस्तक, उघडलं की आत चिकट थर. किंमत किरकोळ, विष नाही, वास नाही. म्हणून ‘घरात लहान मुलं आहेत’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकापुढे दुकानदार हेच सरकवतो. गोंदाने उंदीर मरत नाही. तो तहानेने आणि धडपडून थकल्याने मरतो, त्याला कधी कधी एक-दोन दिवस लागतात. नाक-तोंड चिकटलं तर गुदमरतो. सुटण्यासाठी स्वतःचा पाय कुरतडतो. घरातलं माणूस ते बघवत नाही म्हणून पट्टी तशीच दुमडून कचऱ्यात टाकतं, आणि ओल्या-सुक्याच्या डब्यातून तो जिवंतच कचरावेचकाच्या हाताशी येतो.

कामाचं म्हणाल तर घूस पट्टी ओढत घेऊन जाते. पुण्याच्या उन्हाळ्यात गॅलरीतल्या पट्टीवर चार दिवसांत धुळीचा थर बसतो आणि चिकटपणा संपतो. त्यानंतर तिच्यावर सापडतात ते हलके जीव: पाल, सरडा, चिमणी, खारीचं पिल्लू, टेकडीलगतच्या सोसायट्यांत लहानसा साप. चिचुंद्री तर हमखास. तिला सगळे उंदीर समजतात, पण ती उंदीरवर्गातली नाहीच. ती झुरळं आणि किडे खाते. तिला मारायचं आणि मग झुरळांसाठी जेल आणायचं, असा हा व्यवहार. भारतीय प्राणी कल्याण मंडळाने गोंदाच्या सापळ्यांविरुद्ध राज्यांना कळवलेलं आहे आणि अनेक राज्यांनी बंदीचे आदेशही काढले आहेत. काकांशी बोलताना ही माहिती दुसऱ्या वाक्यात यावी, पहिल्या नाही.

प्राणी पट्टीवर दिसला तर ओढू नका. कातडी, पिसं, कधी पायही मागे राहतो. आधी मोकळ्या गोंदावर गव्हाचं पीठ भुरभुरवा किंवा वर्तमानपत्राचे तुकडे दाबून बसवा, म्हणजे तो आणखी चिकटणार नाही. उंदीर, खार, पाल यांना खाण्याचं तेल कापसाने, जिथे चिकटलंय त्या कडेला थेंब थेंब लावा. पाच-दहा मिनिटांत पकड सैल होते. तेल नाकातोंडात जाऊ देऊ नका. रॉकेल, पेट्रोल, थिनर अजिबात नको: कातडी भाजते आणि वास फुप्फुसात जातो. पक्ष्याची गोष्ट वेगळी. तेलाने पिसांचा जलरोधकपणा जातो आणि तो गारठतो. म्हणून पक्ष्याला पीठ लावून, पट्टीचा मोकळा भाग कात्रीने कापून, उरलेल्या तुकड्यासकट खोक्यात ठेवून डॉक्टरकडेच न्यायचा. खारीला हात लावताना जाड टॉवेल घ्या, चावा खोल बसतो.

काकांच्या हातात काय द्यायचं? दोन वस्तू. एक म्हणजे भोक बुजवण्याचं सामान. एसीचा पाइप, गॅसची नळी, नहाणीचा पाइप भिंतीत शिरतो तिथे बहुतेक वेळा बोटभर फट असते. लहान उंदराला पेन्सिलीच्या जाडीची फट पुरते. एसीवाले ती फोमने बुजवतात. उंदीर फोम एका रात्रीत पोखरतो. भांडी घासायची स्टीलची तारेची घासणी फटीत ठासून भरा आणि वरून सिमेंट लिंपा. साधी लोखंडी तार घेऊ नका, पावसाळ्यात गंजून भुगा होते. डक्टकडे उघडणाऱ्या झरोक्याला पाव इंची वेल्डेड जाळी लावा. हे सगळं रविवार पेठेत बोहरी आळीत एका फेरीत मिळतं.

दुसरी वस्तू तारेचा जुना पिंजरा. याला ५ पैकी ४, आणि कापला गेलेला एक गुण वापरणाऱ्याच्या आळसाचा. उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, म्हणून पहिल्या दोन रात्री दार बांधून उघडं ठेवा आणि आत भाजलेलं खोबरं नाहीतर भजं ठेवा. तिसऱ्या रात्री दार लावा. पिंजरा भिंतीला खेटून ठेवायचा, कारण उंदीर भिंतीच्या कडेनेच पळतो. खोलीच्या मध्ये ठेवलेला पिंजरा शोभेचा. सकाळ-संध्याकाळ बघायलाच हवा, नाहीतर तोही गोंदाइतकाच वाईट. सापडला की पिंजऱ्यावर कापड टाका, तो शांत होतो. आणि पिंजरा बादलीत बुडवायचा, ही जी घरोघरी चालणारी रीत आहे, ती सोडा. भोकं आधी बुजवली असतील तर उंदीर इमारतीबाहेर आवारातच सोडून चालतं. भोकं उघडी असतील तर कात्रजला नेऊन सोडला तरी त्याच्या जागी दुसरा येणारच.

कबुतरजाळी: नीट ताणलेली ४, सैल सोडलेली १

पुण्यात सध्या भरपूर विकला जाणारा उपाय हा, आणि मूळ कल्पना चांगली आहे: कोणाला इजा नाही, फक्त जागा बंद. घोटाळा होतो तो माल आणि कारागीर यांच्यात.

कबुतरासाठी ५० मिलिमीटर भोकांची जाळी पुरते. चिमणीही अडवायची तर २० च्या आसपासची लागते, पण चिमणी अडवायचीच कशाला? माल एचडीपीई नावाच्या प्लॅस्टिकचा आणि उन्हात टिकणारा घ्या. स्वस्तात मिळते ती तंगुसाची पारदर्शक, मासेमारीसारखी जाळी. ती घेऊच नका. ‘व्ह्यू खराब होत नाही’ म्हणून ती विकतात, आणि न दिसणं हाच तिचा दोष आहे. संध्याकाळी वटवाघूळ, रात्री पिंगळा किंवा गव्हाणी घुबड तिच्यात शिरतं आणि बारीक दोरा पंखात रुततो. जाळी काळी, जाड धाग्याची आणि दिसणारी हवी.

बसवताना हूक फुटाफुटावर, आणि ते धातूचे. प्लॅस्टिकचे हूक एक-दोन उन्हाळ्यांत तडकतात. चारही कडांना आधी तारेचा दोर ताणायचा आणि त्याला जाळी ओवायची. नुसत्या हुकांना जाळी अडकवली तर दोन हुकांच्या मध्ये ती लोंबते. काम झालं की तळहाताने मधोमध दाबून बघा. दोन-तीन इंचांपेक्षा जास्त आत जात असेल तर पैसे देण्याआधी पुन्हा ताणून घ्या. सगळ्यांत जास्त पक्षी मरतात ते खालच्या कडेला, रेलिंग आणि जाळीच्या मधल्या चार बोटं फटीत: कबुतर आत येतं आणि त्याला बाहेरची वाट सापडत नाही. साफसफाईसाठी आणि एसीवाल्यासाठी चेनचं तोंड ठेवायला सांगा, नाहीतर तो जाळी कापतो आणि ते भोक तसंच राहतं.

आणि वेळ. कारागीर येतो तेव्हा कुंडीमागे अंडी आहेत का हे कोणीच बघत नाही. कबुतराची अंडी उबायला साधारण १८ दिवस, पिल्लू उडायला आणखी महिनाभर; म्हणजे ताजी अंडी दिसली तर सुमारे ५० दिवस थांबायचं. जाळी लावून टाकली तर आई बाहेर आपटत राहते, पिल्लू आत मरतं, आणि आठवड्याभरात वास येतो तो जाळी लावणाऱ्याच्याच घरात. शेजाऱ्याला पटणारा मुद्दा हाच असतो. बुलबुल, शिंजीर, साळुंकी अशा पक्ष्याचं घरटं असेल, तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू होतो. त्यात अंडी-घरट्यांना धक्का लावणंही शिकारीच्या व्याख्येत येतं.

अडकलेला पक्षी सोडवताना दोरा पक्ष्यावरून ओढून काढू नका, पक्ष्याभोवतीची जाळी कापा आणि दोऱ्यासकट न्या. भोकं पाडलेलं खोकं, खाली कापड, अंधार. चोचीत पाणी ओतायचं नाही. ते श्वासनलिकेत जातं. हात पोचत नसेल तर १०१ वर अग्निशमन दलाला कळवा.

विषाची वडी: ५ पैकी ०, आणि गोंदाहून धोकादायक

बाजारातल्या निळ्या-हिरव्या वड्यांत बहुधा ब्रोमॅडिओलोन असतं, ०.००५ टक्के. रक्त गोठणं थांबतं आणि उंदीर चार-पाच दिवसांनी आतल्या रक्तस्रावाने मरतो. ‘पाणी प्यायला बाहेर जाऊन मरतो’ ही दुकानातली थाप. तो बऱ्याचदा फॉल्स सीलिंगमध्ये किंवा माळ्यावर मरतो. मधल्या दिवसांत तो सुस्त असतो आणि घुबड, मुंगूस, मांजर यांच्या सहज हाती लागतो, म्हणून विष पुढे सरकतं. घुबडाची एक जोडी फुकटात जेवढे उंदीर खाते, तेवढ्यांसाठी वड्यांवर खर्च करायचा आणि घुबडच घालवायचं, हा हिशेब जुन्या वाड्यांत राहणाऱ्यांना समजावून सांगावा लागत नाही. मांजराच्या हिरड्या पांढुरक्या दिसल्या, शी काळी झाली किंवा नाकातून रक्त आलं, तर त्याच दिवशी डॉक्टर. उतारा आहे, व्हिटॅमिन के-१, पण तो आठवडे चालवावा लागतो आणि रिकामं पाकीट दाखवलं तर उपचार लवकर सुरू होतात.

बाकीचं थोडक्यात. अल्ट्रासॉनिक यंत्र पक्ष्यांसाठी निरुपयोगी, कारण तो आवाज त्यांना ऐकूच येत नाही; उंदीर काही दिवसांत सरावतात. पक्ष्यांसाठीचा चिकट जेल मे महिन्यात ओघळतो, भिंत डागते आणि लहान पक्ष्याची पिसं बरबटतात, नकोच. काटे बोथट असतील आणि कठड्याची पूर्ण रुंदी झाकत असतील तर ठीक, नाहीतर कबुतरं त्यांच्यातच काड्या रचून घरटं बांधतात. कठड्यावर ६० अंशांच्या उतारात बसवलेला पत्रा काट्यांपेक्षा सरस. एअरगन आणि बेचकी हा उपाय नव्हेच. तिथे बेल वाजवून समजूत घालण्याचा टप्पा संपलेला असतो.

तक्रारीची सेवा: ५ पैकी ३, तयारीने गेलात तर

वन विभागाचा १९२६ हा क्रमांक वन्यप्राण्यांसाठी. समोर मारहाण चालू असेल तर ११२. बावधनला वन विभागाबरोबर चालणारं वन्यप्राणी उपचार केंद्र आहे, घुबड, घार, साप, कांडेचोर (उदमांजर) तिथपर्यंत पोचू शकतात. फोनवर रडारड नको, पाच गोष्टी सांगा: प्राणी कोणता, नेमकी इजा काय, खोक्यात ठेवलाय की मोकळा आहे, मजला कितवा, गेटवर कोण भेटेल. फोटो आधीच काढून ठेवा. ‘एक मोठा पक्षी आहे’ एवढ्यावर गाडी निघत नाही.

कायद्याची ताकद समजून बोला. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा. त्यात ‘प्राणी’ म्हणजे माणूस सोडून कुठलाही जीव, म्हणजे उंदीरही आला. पण पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये; पन्नासात आज धड मिसळही येत नाही. म्हणून पोलिसांपुढे फक्त या कायद्यावर उभं राहू नका. कुत्र्या-मांजरावर विषप्रयोग किंवा त्यांना जायबंदी करणं झालं असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ लिहा, त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे. संरक्षित वन्यप्राणी असेल तर १९७२ चा कायदा. २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्यातला सर्वसाधारण दंड २५ हजारांवरून एक लाखापर्यंत गेला आहे. त्याच दुरुस्तीत कावळा, वटवाघूळ, उंदीर यांना ‘उपद्रवी’ ठरवणारी जुनी अनुसूची गेली. ‘वटवाघळं मारायला परवानगी आहे’ असं ठासून सांगणारे काका त्या जुन्या यादीवरच अडकलेले असतात.

विषाचा संशय असेल तर खाद्याला उघडा हात लावू नका. काचेच्या स्वच्छ बरणीत ठेवून वर तारीख, वेळ, जागा लिहा. मेलेला प्राणी फ्रीजरमध्ये टाकू नका, बर्फात ठेवा. गोठलेल्या शरीराच्या तपासणीत बरंच काही हातचं जातं. शवविच्छेदन सरकारी पशुवैद्यकाकडून आणि पोलिसांच्या पत्रानेच करून घ्या, नाहीतर अहवालाला पुढे कोणी विचारत नाही. तक्रार दोन प्रतींत, दुसरीवर पोच आणि तारखेचा शिक्का. शेजाऱ्याच्या दारात शिरून चित्रीकरण करू नका. आपल्या गॅलरीतून किंवा सामाईक जागेतून दिसतं तेवढंच. नोटीस बोर्डावर टोमणे मारणारी पाटी लावायचा मोह पुण्यात आवरणं कठीण, पण ती लागली की समोरचा सावध होतो आणि वड्या रात्री ठेवायला लागतो. त्याऐवजी त्याच दिवशी सेक्रेटरींना लेखी द्या: अमुक तारखेचं, अमुक वेळेचं सीसीटीव्ही चित्रण काढून ठेवावं. बहुतेक सोसायट्यांच्या रेकॉर्डरमध्ये काही आठवड्यांत जुन्यावर नवं चढतं, आणि पोलीस विचारायला येतात तोवर ते गेलेलं असतं.