टॉप फिल्टरमध्ये काय भरावं? बोअरच्या पाण्यावर आठ महिन्यांचा अनुभव

टॉप फिल्टर म्हणजे माशांच्या टाकीच्या वर बसणारा, ट्रेंमधून पाणी गाळणारा फिल्टर. निकाल आधीच सांगतो: पैसे जाड स्पंजात घाला, सिरॅमिक रिंगांच्या पिशव्यांत नको. नोव्हेंबर ते जून, म्हणजे जळगावची थंडी आणि पूर्ण उन्हाळा पाहून झालेलं हे मत आहे.

टाकी 3 फूट लांब, 1 फूट रुंद, दीड फूट उंच; पाणी साधारण 100 लिटर. मासे मॉली आणि गप्पी, कारण बोअरचं जड (क्षारांचं) पाणी त्यांना मानवतं. वर तीन ट्रेंचा टॉप फिल्टर. मोटरवर ताशी 1000 लिटर लिहिलंय, पण पाणी वर चढवताना जेमतेम निम्मं मिळतं. 100 लिटरला तेवढं पुरतं.

पहिल्या ट्रेमध्ये दोन इंची जाड स्पंज, दुसऱ्यात बारीक स्पंज आणि त्यावर फायबरचा पातळ थर, तिसऱ्यात सिरॅमिक रिंग. हा क्रम उलटा केला तर घाण थेट रिंगांवर बसते. स्पंज ट्रेपेक्षा चारही बाजूंनी 5 मिमी मोठा कापायचा. सैल बसला की पाणी कडेने निसटतं आणि स्पंज नुसता शोभेला राहतो.

आता रिंगांबद्दल. माशांच्या घाणीतल्या विषारी अमोनियाचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू पृष्ठभागावर राहतात आणि त्यांना ऑक्सिजन लागतो. सहा महिन्यांनी एक रिंग पकडीने फोडून पाहिली: बाहेर तपकिरी थर, आत खडूसारखी पांढरी, कोरी. आतपर्यंत पाणी खेळतच नाही, मग पाकिटावर छापलेल्या अफाट क्षेत्रफळाचा उपयोग काय? त्यात ट्रेच्या वरच्या, अर्धवट कोरड्या रिंगांवर क्षार चढले, कूलरच्या जाळीवर चढतात तसेच. जाड स्पंजाचं तसं नाही. बादलीत दाबला की चहाच्या रंगाचं पाणी सुटतं, चार-पाच पिळ्यांत तो पुन्हा मोकळा होतो आणि जिवाणू चिकटून राहतात. मात्र बादलीत टाकीतूनच काढलेलं पाणी घ्या. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन सगळी मेहनत धुऊन नेतं. दोन्ही स्पंज एकाच दिवशी धुऊ नका, मध्ये दोन आठवडे जाऊ द्या. नव्या मीडियाला (फिल्टरमध्ये भरलेल्या स्पंज-रिंगांना) पिकायला, म्हणजे त्यावर पुरेसे जिवाणू वाढायला, चार ते सहा आठवडे लागतात.

फायबर गादीवाल्याकडचा चालतो, पण पॉलिस्टरचा. हाताला गुळगुळीत, घसरता लागणारा सिलिकॉन लावलेला नको. आपल्याकडे कापूस घरोघरी असतो म्हणून तो भरण्याचा मोह होतो. तो कुजतो आणि तंतू मोटरमध्ये जातात. काळी गिट्टीसुद्धा लाव्हा रॉक म्हणून भरू नका. दगड ज्वालामुखीचाच, पण घट्ट. लाव्हा रॉकची छिद्रं त्याला नाहीत. शिंपले किंवा कोरल चुरा बोअरच्या पाण्यात निरर्थक, कारण तो पाणी अजून जड करायला असतो. कार्बन (फिल्टरचा कोळसा) फक्त औषधोपचार संपल्यावर, उरलेलं औषध काढायला. झिओलाइट नावाचं खनिज अमोनिया धरतं खरं, पण मॉलीसाठी पाण्यात मीठ टाकलंत तर धरलेला अमोनिया पुन्हा सोडतं.

खरी परीक्षा मे महिन्यात. 25 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 8 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 35 अंशांना जेमतेम 7. शिवाय पीएच 8 च्या आसपास असेल तर पाणी तापेल तसा अमोनियाचा विषारी हिस्सा वाढतो. फायबरमध्ये अडकलेली घाण कुजताना उरलासुरला ऑक्सिजनही खाते. म्हणून डिसेंबरात दहा दिवस चालणारा फायबर मेमध्ये चौथ्या दिवशी बदलावा लागला. तो तुंबला की पाणी ट्रेच्या कडेवरून थेट फरशीवर येतं, हा या फिल्टरचा मोठा दोष.

वीज गेल्यावर मात्र टॉप फिल्टर जिंकतो. पाणी निथळतं, मीडिया ओला राहतो, हवा मिळते. कॅनिस्टर फिल्टरच्या बंद डब्यात साचलेल्या पाण्यातला ऑक्सिजन काही तासांत संपतो आणि सडका वास येतो. लांब भारनियमनानंतर ते पाणी ओतून टाकल्याशिवाय चालू करू नये. टॉप फिल्टरला फक्त स्पंज कोरडा पडू द्यायचा नाही. वीज चार तासांच्या वर गेली तर दर तासाला मगभर टाकीचं पाणी वरून ओतायचं, आणि बॅटरीवरचा एअरपंप माशांसाठी हवाच.

दुसरी टाकी लावायची असेल तर पिकलेल्या स्पंजाचा अर्धा तुकडा कापून तिच्या फिल्टरमध्ये बसवा, ओला असतानाच. पहिल्या टाकीत रोग असेल तर मात्र हा तुकडा अजिबात हलवू नका.