सासऱ्यांची येझडी आणि माझं महागात पडलेलं सरप्राइज

गॅरेजचं नाव लिहिणार नाही, हे आधीच सांगतो. ग्राहक आयोगात तक्रार दाखल आहे आणि वकिलांनी तोंड आवरून राहायला सांगितलंय. पण ज्यांच्या गोठ्यात नाहीतर जिन्याखाली वडिलांची येझडी, जावा, राजदूत अशी जुनी मोटरसायकल ताडपत्री पांघरून उभी आहे आणि 'एकदा नवीकोरी करून घेऊ' असं ज्यांच्या मनात घोळतंय, त्यांनी हे वाचावं.

गाडी १९८४ ची येझडी रोडकिंग. सासरे साखर कारखान्यात फिटर होते. बायको त्यांची थोरली, त्यामुळे पाना हातात द्यायला कायम हीच. येझडीचा किकचा दांडा तोच गिअरचा दांडा: आत दाबून वर फिरवला की किक, परत पुढे पाडला की गिअर. आजही कुणी नवखा त्या गाडीवर बसला की तो दांडा त्याला चकवतो. हिला तो सोळाव्या वर्षी जमला होता. गावात 'फिटरची पोरगी फटफटी चालवते' म्हणून चर्चा व्हायची, आणि सासरे म्हणे मुद्दाम हिला बाजाराच्या दिवशी पेट्रोल आणायला पाठवायचे.

सासरे गेले आणि गाडी गोठ्यात गेली. २००९ पासून ती जागची हलली नव्हती. डिसेंबर २०२४ मध्ये आमच्या लग्नाला वीस वर्षं होणार होती. मी मेव्हण्याला विश्वासात घेतलं, गाडी टेम्पोत घातली आणि पुण्याजवळच्या एका गॅरेजला दिली. हे फेब्रुवारीतलं. बायकोला पत्ता नाही.

गॅरेजवाला आदल्या जुलैत भेटला होता. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझडीवाले सगळीकडे जमतात, तिथे त्याची स्वतःची गाडी होती. तोंड दिसेल अशी टाकी, पहिल्या किकला चालू. आता कळतं की ती त्याची जाहिरात होती. पण जो माणूस स्वतःची गाडी अशी ठेवतो तो दुसऱ्याचीही ठेवेल, असं आपल्याला वाटतंच.

माझ्या मागण्या साध्या होत्या. हिची उंची पाच फूट एक इंच, येझडीवर तिच्या टाचा टेकत नाहीत. म्हणून सीटचा फोम कापून बसका करायचा, मागचे शॉक एक इंचाने आखूड बसवायचे. सहा व्होल्टचं वायरिंग बारा व्होल्टवर न्यायचं, म्हणजे रात्री हेडलाइट मेणबत्तीसारखा पडणार नाही. रंग मरून. आणि टाकीवर सासऱ्यांची सही, त्यांच्या कारखान्याच्या डायरीतून उतरवलेली.

पहिल्या पाच मिनिटांतच त्याने माझी पारख केली. "सर, पॉइंट ठेवायचे का सीडीआय करायचं?" म्हणजे स्पार्क जुन्या पद्धतीचा ठेवायचा का इलेक्ट्रॉनिक. मी म्हणालो, "तुम्हाला योग्य वाटेल ते." झालं. मग मी सरप्राइजचं सांगितलं, तेव्हा तो मनापासून हसला. "मग मॅडमला अजिबात कळू द्यायचं नाही. तुम्हीपण एवढ्या लांब सारखे येऊ नका, मी फोटो टाकत जाईन." मला तो माणूस फार समजूतदार वाटला. त्या गाडीचा प्रत्येक नट ओळखणारं एकच माणूस घरात होतं, आणि त्यालाच लांब ठेवायची व्यवस्था मी स्वतःच्या हाताने करून दिली.

अंदाजपत्रक वहीच्या पानावर: 'पूर्ण काम ९०,०००'. पिस्टन कुठला, बोअर केला, म्हणजे सिलिंडर आतून कातून मोठा केला, तर कितीचा, क्रोम कशाकशाला, काढलेले पार्ट परत मिळणार की नाही, काही नाही. पिस्टन-रिंग 'म्हैसूरचा कंपनी माल' बसवतो म्हणाला. येझडी बनवणाऱ्या आयडियल जावाचा म्हैसूरचा कारखाना १९९६ सालीच बंद पडला, हे मलाही माहीत होतं. मी विचारलं. "जुन्या डीलरच्या गोडाऊनमधला आहे, सीलबंद." असा माल कधीमधी निघतो हे खरं, म्हणून मी मान डोलावली. पाकीट दाखव म्हणायची बुद्धी झाली नाही. २०१८ ला जावा हे नाव नव्या गाडीवर आलं, २०२२ ला येझडीही आली, आणि माझ्या मते तेव्हापासून या जुन्या गाड्यांच्या नावावर काहीही खपतं.

पैसे असे गेले: टोकन ३०,०००. इंजिन उघडल्यावर २५,०००. क्रोमचे १८,००० रोख, कारण 'प्लेटिंगवाला ऑनलाइन घेत नाही'. पेंट २०,०००. वायरिंग आणि सीट १४,०००. टेम्पो आणि आरटीओचं काम ११,०००. एकूण १,१८,०००, आणि हातात एकही बिल नाही. दर हप्त्याच्या आदल्या दिवशी एक फोटो यायचा. बोअर करून चकाकणारा सिलिंडर, रंगवलेली चासी दोरीला टांगलेली. मी ऑफिसात ते फोटो मित्रांना दाखवायचो.

ते फोटो आता मोठे करून बघतो तेव्हा स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. त्याच्या गॅरेजात शहाबादी फरशी आहे, तेलाने काळी झालेली. सिलिंडरच्या फोटोत खाली पांढरी टाइल. चासीच्या फोटोत मागे निळं शटर. त्याच्या गॅरेजचं शटर हिरवं आहे. म्हणजे फोटो दुसऱ्याच कुणाच्या गॅरेजचे होते. आणि जूनमध्ये आलेला कार्बोरेटरचा फोटो ऑगस्टमध्ये पुन्हा आला होता, फक्त आडवा करून. मी दोन्हीला अंगठा दिलेला आहे.

तीन महिन्यांचं काम दहा महिन्यांनी झालं. डिसेंबरात गाडी सोसायटीच्या दारात उतरली तेव्हा मात्र सगळं विसरायला झालं, इतकी देखणी दिसत होती. आणि ती सही! पेंटर बाहेरचा होता, त्याने ती डायरीतल्या अक्षरासारखीच, शेवटच्या फराट्यासकट उतरवली होती. या सगळ्या प्रकरणात दामाचं काम एका त्या माणसाने केलं.

बायको खाली आली. सही बघून रडली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग तिने पदर खोचला, दांडा आत दाबून फिरवला आणि किक मारली. दुसऱ्या किकला गाडी चालू झाली. ती पाच-सात सेकंद ऐकत उभी राहिली आणि तिने गाडी बंद केली. लोक पांगल्यावर मला हळूच म्हणाली, "अहो, हे बाबांचं इंजिन नाही."

मी आरसी बुक काढलं. इंजिन नंबर जुळत होता, मी तो वाचून दाखवला. ती मोबाइलचा टॉर्च लावून खाली बसली. "टाका कुठाय?"

टाक्याची गोष्ट मला तेव्हा पहिल्यांदा कळली. १९९७ साली आंबा घाटात चेन तुटून क्रँककेसवर, म्हणजे इंजिनाच्या ओतीव कवचावर, आदळली आणि त्या केसला तडा गेला. सासऱ्यांनी ती केस कोल्हापूरच्या उद्यमनगरातून वेल्डिंग करून आणली. बरोबर ही होती. चेनच्या बाजूला बोटभर लांबीचा, गांडुळासारखा टाका. मी म्हणालो, बफिंगमध्ये गेला असेल. "बफिंगने टाका जाईल, तडा कुठे जाईल?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग तिने मुलाच्या दप्तरातला खडू मागवला आणि इंजिन नंबरावर आडवा घासला. पांढरा खडू आकड्यांत बसला आणि बघण्यासारखं चित्र उमटलं. आकडे एका रेघेत नव्हते. शेवटचा ८ खाली घसरला होता आणि ३ बाकीच्यांपेक्षा खोल ठोकलेला. आकड्यांच्या मागची जागा तेवढीच गुळगुळीत, तिच्यावर ग्राइंडरच्या बारीक समांतर रेघा. आजूबाजूचं ओतकाम खरखरीत. म्हणजे दुसऱ्या इंजिनाचा नंबर घासून तिथे आमचा नंबर पंच केला होता.

रात्री बाकीची चिरफाड झाली. फ्रिजवरचं लोहचुंबक फडक्यात गुंडाळून टाकीवर फिरवलं: डाव्या बाजूला तळहाताएवढ्या जागेत ते धरतच नव्हतं, खाली नुसती लांबी (पुट्टी) भरलेली. पेट्रोलच्या नळीत तपकिरी कण, टाकी आतून धुतलीच नव्हती. हँडलचं क्रोम नखाने निघालं. तांबं, मग निकेल, मग क्रोम असे थर चढवलेले असते तर नखाची काय बिशाद! आरटीओच्या कामाचा तर अर्जच केलेला नव्हता. आमचं आरसी बुक कागदी, गाडी सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर दिसतसुद्धा नव्हती. आधी जुन्या रेकॉर्डवरून तिची नोंद चढवावी लागते, मग तपासणी, मग पाच वर्षांसाठी नूतनीकरण. त्याशिवाय ती रस्त्यावर काढणंच बेकायदा. त्यात रंग काळ्याचा मरून केलेला, त्याचीही आरसीवर नोंद हवी. 'रंगाचं काही होत नाही सर' असं त्याने सांगितलं होतं, आणि मी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कुठे वाचलेलं?

खरी भीती मात्र वेगळी होती. घासलेल्या नंबराचं इंजिन मूळ कुणाचं? चोरीचं असेल तर तपासणीत पहिला प्रश्न मला.

पुढच्या रविवारी आम्ही न कळवता गेलो. मालक नव्हता, दोन पोरं होती. बायको त्यांच्याशी गप्पा मारत सरळ मागच्या शेडमध्ये शिरली. तिथे एक दुसरी येझडी जोडून होत आली होती. ही वाकली, ओढणीने चेनच्या बाजूचं ग्रीस पुसलं आणि तशीच बसून राहिली. मी जवळ गेलो. टाका होता. नंबरही होता, आमचाच, एका ओळीत.

मालक अर्ध्या तासात आला. आधी म्हणाला, "ताई, असे टाके शंभर इंजिनांना असतात." आरसी बुक समोर धरल्यावर म्हणाला, "पोरांकडून अदलाबदल झाली." अदलाबदल झाली तर नंबर कुणी ठोकला, हे हिने विचारल्यावर तो मला म्हणाला, "सर, तुम्ही जरा मॅडमना समजवा." एका पोराने नंतर सांगितलं, सासऱ्यांचा सिलिंडर कधी बोअर झालेलाच नव्हता, आणि तसं इंजिन मागणारं गिऱ्हाईक जास्त पैसे देतं. ते गिऱ्हाईक साताऱ्याकडचं होतं. त्यांना फोन मीच केला. बिचाऱ्यांनीही पूर्ण पैसे भरलेले, तेही बायकोकडून चोरून!

पोलीस ठाण्यात पहिली प्रतिक्रिया ठरलेली: हा दिवाणी मामला आहे. पण पंच केलेला नंबर खडू लावून दाखवल्यावर साहेब खुर्चीत सरळ बसले. त्यांनी आमच्या गाडीतलं इंजिन पंचनामा करून जमा करून घेतलं. आमचं इंजिन परत मिळालं, आणि ४०,००० परत करायचं लेखी कबूल झालं. पहिले २०,००० आले. दुसरे अजून 'सोमवारी' येतायत. म्हणून जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. व्यवहार पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, आणि मुदत दोन वर्षांची असते. आयोगाला दाखवायला माझ्याकडे काय आहे? वहीचं पान, रोख न दिलेल्या हप्त्यांच्या यूपीआय नोंदी आणि दुसऱ्यांच्या गाड्यांचे फोटो. क्रोमचे १८,००० तर कागदावर अस्तित्वातच नाहीत.

गाडी देण्याआधी इंजिन आणि चासी नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासली असती, आरटीओत छाप घेतात तशी, आणि त्या कागदावर गॅरेजवाल्याची सही घेतली असती तर निम्मी कथा घडलीच नसती. दोन मिनिटांचं काम. क्रँककेस, टाकी, मॅग्नेटची बाजू यांचे जवळून फोटो घेऊन ठेवायचे, जुने पार्ट पोत्यात भरून परत मागायचे, हे मला सातारकरांनी सांगितलं. त्यांनाही ते नंतरच सुचलं होतं.

आता इंजिन आमच्या गॅलरीत, जुन्या चादरीवर उघडं पडलंय. बोअर खरंच चांगला आहे, पण मधल्या काळात क्रँक कुणीतरी हातोडीने काढायचा प्रयत्न केलेला दिसतो. टाकीचं भिजत घोंगडं आहे. लांबी खरवडायची तर वरची सही जाणार, म्हणून ती तशीच कपाटावर ठेवली आहे. रविवारी क्रँक घेऊन कोल्हापूरला लेथवर जायचंय. मी म्हणालो, मी जाऊन येतो. बायको म्हणाली, "मी जाते. तुम्ही फक्त पैसे द्या, आणि बिल मागायला लाजू नका."