पहिलीचा प्रवेश: सरकारी शाळा, अनुदानित की इंग्रजी माध्यम?

गुढीपाडवा जवळ आला की कोल्हापुरात पहिलीच्या प्रवेशाचा विषय घरोघरी निघतो. जरगनगरच्या महापालिका शाळेत नाव घालायला पालक आदल्या रात्रीपासून रांगेत बसलेले आपण पाहिलेत. याच शहरात दुसऱ्या एखाद्या सरकारी शाळेचे शिक्षक पट टिकावा म्हणून दारोदार फिरत असतात. त्यामुळे ‘सरकारी शाळा बरी का?’ असं कुणी विचारलं, की मी आधी विचारतो, कुठली?

माझी मुलगी सरकारी शाळेत शिकली, भावाचा मुलगा इंग्रजी माध्यमात आहे. मुलीच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीवर मी दोन वर्षं होतो. जे सांगतोय ते तिथे बसून कळलेलं आहे.

आधी तुमचं घर कुठल्या हद्दीत येतं ते बघा. १९७२ साली नगरपालिकेची महापालिका झाली, पण हद्द आहे तिथेच राहिली. पाचगाव, उचगाव शहराला चिकटलेली, तरी तिथे ग्रामपंचायत आहे आणि सरकारी शाळा जिल्हा परिषदेची आहे. तिथली तक्रार केंद्रप्रमुख आणि करवीर पंचायत समितीच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जाते. शहरातली जाते महापालिकेच्या प्राथमिक शिक्षण समितीच्या प्रशासनाधिकाऱ्यांकडे. पाचगावातून मूल शहरातल्या शाळेत घालता येतं, बरेचजण घालतात. पण त्या प्रभागात तुमचं मत नसतं, हे लक्षात ठेवा. खुद्द शहरातही नोव्हेंबर २०२० मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि पुढची पाच वर्षं कारभार प्रशासकांकडे गेला. वर्गात पाणी गळतं म्हणून सांगायला इतका काळ नगरसेवकच नव्हता, याचं मला फार वाईट वाटतं.

सरकारी शाळेत फी नाही, पुस्तकं मोफत आणि आठवीपर्यंत दुपारचा पोषण आहार. हे सगळ्यांना माहीत असतं. पालकांच्या हातात काय आहे, ते फार कमी जणांना माहीत असतं. शिक्षण हक्क कायद्याने व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण निम्म्या महिला. अध्यक्ष पालकांतला, सचिव मुख्याध्यापक. शाळेचा विकास आराखडा हीच समिती करते आणि आलेला पैसा कुठे गेला हे विचारण्याचा तिला अधिकार असतो.

मुलगी तिसरीत असताना दिवाळीनंतर तिच्या वर्गाला शिक्षकच नव्हता. एकच बाई दोन वर्ग सांभाळत होत्या. मी एकट्याने दोनदा अर्ज दिला, उत्तर आलं नाही. मग समितीची बैठक लावली, कायद्यातलं तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण ठरावात लिहिलं आणि अकरा आया तो ठराव घेऊन कार्यालयात गेल्या. फेब्रुवारीत शिक्षक आले. तीन महिने मुलांचे गेले ते गेलेच. पण विचारायला दार होतं.

म्हणून सरकारी शाळा बघायला जाल तेव्हा भिंतींचा रंग बघू नका. साध्या दिवशी, पोषण आहाराच्या वेळेला जा. मंजूर शिक्षक किती, आज हजर किती, निवडणुकीच्या कामाला किती गेलेत ते विचारा. समितीच्या बैठकीचं इतिवृत्त मागा. वही नीट भरलेली असेल आणि पालकांच्या सह्या वेगवेगळ्या शाईच्या असतील, तर ती शाळा जिवंत आहे असं मी समजतो.

अनुदानित शाळेत शिक्षकांचा पगार सरकार देतं, कारभार संस्था बघते. पालकांची समिती तिथेही असते, पण कायद्याने फक्त सल्ला देण्यापुरती. मराठी माध्यम, जुने अनुभवी शिक्षक आणि बहुतेक ठिकाणी त्याच आवारात दहावीपर्यंतची सोय, हा तिचा मोठा फायदा. महापालिकेच्या बहुतेक शाळा सातवीला संपतात, मग आठवीसाठी पुन्हा धावपळ. प्रवेशाला देणगी मागितली तर देऊ नका. कायद्यात त्याला दंड आहे, घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत. मुलाची मुलाखत घेणंही बेकायदा आहे.

इंग्रजी माध्यमाचं आकर्षण मला कळतं. भावाच्या मुलाचं इंग्रजी खरंच चांगलं आहे. पण फी सांगितली होती त्यापेक्षा बस, ठरलेल्या दुकानातल्या वह्या आणि स्नेहसंमेलनाचे कपडे धरून खर्च बराच वर गेला. विनाअनुदानित शाळेला व्यवस्थापन समितीचं बंधन नाही. फी ठरवण्यात पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीचा भाग असतो, पण वाढीविरुद्ध शुल्क नियामक समितीकडे जायचं तर पंचवीस टक्के पालक एकत्र यावे लागतात. पोरगं त्याच शाळेत असताना सही करायला माणसं घाबरतात. भावाला सातच सह्या मिळाल्या.

शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत वंचित आणि दुर्बल घरांतल्या मुलांसाठी पंचवीस टक्के जागा राखीव असतात, त्यातून प्रवेश मिळत असेल तर अर्ज जरूर भरा. वंचित गटांना (अनुसूचित जाती-जमाती वगैरे) उत्पन्नाची अट नाही, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांना वर्षाला एक लाखाची आहे. २०२४ मध्ये सरकारी किंवा अनुदानित शाळा जवळ असलेल्या खासगी शाळांना यातून वगळण्याचा नियम आला होता, तो उच्च न्यायालयाने रद्द केला. मात्र ही सवलत आठवीपर्यंतच. नववीची फी आज विचारून ठेवा.

माझा कौल सांगतो. घरात इंग्रजी बोलणारं कुणी नसेल आणि महिन्यातून एक संध्याकाळ शाळेला देता येत असेल, तर पुरेसे शिक्षक असलेली जवळची सरकारी शाळा घ्या. शिक्षक पुरेसे नसतील, किंवा दोघंही कामावर आणि शाळेत फिरकायला जमणारच नसेल, तर अनुदानित. कर्ज काढून इंग्रजी माध्यम करू नका.

१९१७ साली शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला होता. आपल्या गावात शाळा आणि पालक दोघांवरही जबाबदारी टाकायची रीत तेव्हापासूनची आहे.

३१ डिसेंबरपर्यंत मुलाला सहा वर्षं पूर्ण होत असतील तर यंदाच पहिली. जन्मदाखला आणि आधार आत्ताच काढून ठेवा आणि पाडव्याच्या आधी तीन शाळा बघून या.