हेल्स गेट: सायकलवरून पाहता येणारे राष्ट्रीय उद्यान
केनियात स्वयंसेवक म्हणून राहत असताना सहकाऱ्यांसोबत शनिवार-रविवारी कुठे जावे, असे कोणी विचारले तर मी निःसंकोचपणे नैवाशा सरोवराजवळचे हेल्स गेट राष्ट्रीय उद्यान सुचवेन. तेथील बहुतेक राष्ट्रीय उद्यानांत गाडीतून उतरण्यास मनाई असते. येथे मात्र पायी किंवा सायकलवरून फिरता येते, आणि मोजक्या भत्त्यावर राहणाऱ्या आमच्या गटासाठी हीच सर्वांत मोलाची सोय ठरली. फिशर्स टॉवर हा ज्वालामुखीजन्य सुळका मागे पडला की रस्त्याच्या कडेला झेब्रे चरताना दिसतात; सायकल थांबवून स्तब्ध उभे राहिले, तर त्यांच्या दातांनी गवत तुटण्याचा आवाजही ऐकू येतो. बाहेर भाड्याने घेतलेल्या सायकलींबाबत मात्र आमची घोर निराशा झाली. एकीचा ब्रेक लागत नव्हता, दुसरीची चेन सारखी उतरत होती, त्यामुळे पैसे देण्यापूर्वी एक फेरी मारून पाहावी. ओल जोरोवा घळीत वाटाड्या घ्यावाच, आणि पावसाची चिन्हे दिसत असल्यास खाली उतरू नये, कारण तेथे अचानक लोंढा येतो व २०१९ मध्ये त्यात सहलीला आलेल्यांचा बळी गेला होता.