जांभळं फाउंटन ग्रास आणि ब्राह्मी: सगळे ऋतू पाहून झाल्यावरचा अनुभव

शोभेचं गवत लावावं की औषधी वनस्पती, असा प्रश्न पडला की आपण लगेच शोभा आणि उपयोग यांची तुलना करायला बसतो. जांभळं फाउंटन ग्रास आणि ब्राह्मी ही दोन्ही उन्हाळा, पाऊस, थंडी अशा सगळ्या ऋतूंतून वाढवल्यावर माझं ठाम मत झालंय की आधी जागेचं पाणी बघावं. पाणी कुठे थांबतं, कुठून निघून जातं, ऊन किती वेळ पडतं आणि त्या कोपऱ्यात तुमचं रोज जाणं होतं का, एवढं कळलं की कुठलं लावायचं हे जवळजवळ ठरूनच जातं.

माझ्या बागेला थोडा उतार आहे. वरच्या कडेला दिवसभर ऊन आणि मुरमाड माती, घातलेलं पाणी बघता बघता जिरून जातं. खालच्या टोकाला निम्मी सावली आणि कायमची ओल. गवत वर लावलं, ब्राह्मी खाली.

गवत वाढायला लागलं की त्याचा ठोंब 90 ते 120 सेंटिमीटर उंच होतो. पाती अरुंद, गर्द तांबूस-जांभळी, चारही बाजूंनी बाहेर झुकलेली. त्यांच्यातून वीतभर लांबीचे मऊ, केसाळ तुरे येतात. आधी गुलाबी झाक असलेले जांभळे, जून होतील तसे फिकट बदामी. हे तुरे खरे खुलतात ते मागून उजेड आला की. म्हणून माझा पहिला सल्ला असा: लावताना तुमची बसायची जागा आणि सकाळचं किंवा संध्याकाळचं तिरपं ऊन यांच्या मधोमध ठोंब येईल असं बघा. समोरून उजेड पडला तर तुरे छानच दिसतात, पण केसाकेसांतून प्रकाश झिरपतो ते दृश्य मिळत नाही. वारा असेल तर मग बघतच राहावं.

हा जांभळा रंग अँथोसायनिन या रंगद्रव्यांचा असतो आणि तो उन्हावर टिकतो. माझ्याकडच्या एका ठोंबाची एक बाजू झुडपाच्या सावलीत येते, तिथली पाती हिरवट राहिली आणि तुरेही मोजकेच आले. निदान सहा तास थेट ऊन नसेल तर या गवताच्या वाटेला जाऊ नये, असंच मी सांगेन. उन्हाचा त्याला त्रास असा काहीच नाही. मका आणि ऊस यांच्यासारखं हेही सी-4 पद्धतीनं प्रकाशसंश्लेषण करणारं गवत, त्यामुळे कडक उन्हात, कमी पाण्यात त्याची वाढ चालू राहते. मुळं धरेपर्यंत नेमानं पाणी घातलं, पुढे वरची माती चांगली कोरडी झाल्यावरच. खताच्या बाबतीत हात आखडता ठेवावा. वाढीच्या सुरुवातीला थोडं कंपोस्ट पुरतं. नत्र जास्त झालं की पाती लांबट आणि मऊ होतात, लोळायला लागतात आणि ठोंब मधून फाकतो.

वर्षातून एकदाच मोठं काम असतं ते छाटणीचं. थंडी सरता सरता, नवे कोंब दिसायच्या आधी, जमिनीपासून 10 ते 15 सेंटिमीटर ठेवून बाकी सगळं कापायचं. आधी पूर्ण ठोंबाभोवती दोरी गुंडाळून मोळीसारखा आवळून घ्या, मग विळा चालवा. काडीकचरा पसरत नाही. हातमोजे घालाच, पातीच्या कडा खरखरीत असतात. त्यानंतर काही आठवडे तिथे नुसतं भुंडं खुंट दिसतं, हे लक्षात घेऊन आसपास दुसरं काहीतरी फुलतं ठेवावं. दंव पडणाऱ्या ठिकाणी मात्र हे गवत जमिनीत तग धरत नाही. तिथे ते कुंडीतच वाढवावं आणि कडाक्याच्या थंडीत आडोशाला न्यावं.

आता ज्यासाठी हा मजकूर लिहावासा वाटला ते. फाउंटन ग्रास या एकाच नावाखाली वेगवेगळी गवतं विकली जातात. हिरव्या पात्यांचं मूळ गवत, ज्याच्या नावाच्या पट्टीवर कधी पेनिसेटम सेटेशियम तर कधी नव्या वर्गीकरणाप्रमाणे सेंक्रस सेटेशियस लिहिलेलं असतं, ते भरपूर बी धरतं. परागीकरण न होताच बी तयार करण्याची क्षमता त्याच्यात आहे, म्हणजे एकटं झाडही पुरेसं. बी हलकं, केसाळ, वाऱ्यावर जाणारं. हवाईमध्ये शोभेसाठी आणलेलं हे गवत लाव्हाच्या उघड्या खडकांवर पसरलं आणि वाळल्यावर वणव्यांना इंधन झालं. युरोपीय संघानं 2017 साली त्याला आक्रमक परकीय प्रजातींच्या यादीत घातलं. जांभळ्या पात्यांचा रुब्रम हा प्रकार वेगळा आहे. तो बी जवळजवळ धरतच नाही आणि ठोंब फोडूनच त्याची रोपं करतात. माझ्या वाफ्यात आणि आजूबाजूला मी मुद्दाम शोधत राहिलो, आपोआप उगवलेलं एकही रोप सापडलं नाही. तेव्हा विकत घेताना रुब्रमच आहे ना हे विचारा, ठोंब फोडून केलेलं रोप मागा. बियांचं पाकीट कुणी दिलं तर घेऊ नका. आपल्या कुंपणापलीकडच्या माळावर त्याचं काय होईल याची जबाबदारी आपलीच आहे.

ब्राह्मीचा स्वभाव याच्या अगदी उलटा. मी लावली ती बॅकोपा मोनिएरी. मांसल, ठिसूळ काड्या, समोरासमोर फुटणारी देठ नसलेली लहान जाड पानं आणि पांढरी किंवा फिकट जांभळी इवलीशी फुलं. मंडूकपर्णी हीसुद्धा ब्राह्मी म्हणून दिली जाते, पण तिची पानं गोलसर, कातरलेल्या कडांची आणि लांब देठाची असतात. दोन्ही पसरणाऱ्या आणि दोन्ही औषधी, तरी एकीच्या जागी दुसरी धरून चालत नाही. रोप घेताना पानाचा देठ बघितला की कळतं.

तिची लावणी फार सोपी. 10 सेंटिमीटरभर काडी तोडायची, खालची पानं काढायची, दोन पेरं ओल्या मातीत दाबायची. आठ-पंधरा दिवसांत मुळं धरतात. जमिनीला टेकलेल्या प्रत्येक पेराला पुन्हा मुळं फुटतात, त्यामुळे एकदा जम बसला की ती स्वतःच पुढे सरकत जाते. दोन काड्यांत साधारण वीतभराहून कमी अंतर ठेवलं तर लवकर गालिचा होतो. मी तिचं जेवढं कौतुक ऐकलं होतं ते सगळं औषधाचं होतं. बागेत मात्र ती पटली ती या गुणामुळे. ओलसर, निम्म्या सावलीची, दुसरं काही नीट न टिकणारी जागा तिनं हिरवीगार झाकून टाकली. फुलं बारीक असली तरी महिनोन् महिने येत राहतात. उथळ पाण्यात, तळ्याच्या काठावर, अगदी पूर्ण पाण्याखालीही ती जगते. मत्स्यालयात लावतात ती हीच.

कष्ट आहेत, आणि ते निंदणीचे आहेत. गालिचा दाट होईपर्यंत मधल्या फटींतून तण सतत वर येतं. खुरपं चालवलं तर ब्राह्मीच्या उथळ मुळ्या उपटून येतात, म्हणून सगळं हातानं, एकेक उपटावं लागतं. आठवड्याला थोडा वेळ बसायची तयारी नसेल तर ती तणात हरवते. दुसरं, उन्हाळ्यात माती एकदा कडक वाळली की काड्या बघता बघता सुकतात. पाणी आलं की खालच्या पेरांतून पुन्हा फुटते, पण गालिच्याला भोकं पडतात आणि तिथे पुन्हा तण. गोगलगायी पावसात पानं खातात, त्या संध्याकाळी वेचून काढाव्या. मातीवर पाणी साचू न देता नुसती ओल टिकवली तर डासांचाही प्रश्न येत नाही.

औषधाबद्दल थोडं स्पष्ट बोलायला हवं. ब्राह्मीवर माणसांवर झालेल्या चाचण्यांत बहुतेक वेळा प्रमाणित अर्क, म्हणजे ज्यात घटकांचं प्रमाण ठरवलेलं असतं असा, रोज साधारण 300 मिलिग्रॅम, सुमारे 12 आठवडे दिलेला आहे. घरच्या वाफ्यातल्या मूठभर पानांत बॅकोसाइड हे ब्राह्मीतले औषधी घटक किती आहेत हे घरी मोजता येत नाही, म्हणून त्या चाचण्यांचे निष्कर्ष आपल्या पानांना जसेच्या तसे लावू नयेत. पोटात मळमळ, वारंवार शौचाला होणं असे त्रास काहींना होतात. नियमित औषधं चालू असतील, गर्भारपण असेल, तर डॉक्टरांना किंवा वैद्यांना विचारल्याशिवाय घेऊ नये. आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची: ही वनस्पती पाण्यातले आणि मातीतले जड धातू शोषून साठवते. सांडपाण्याच्या, रस्त्याकडेच्या गटाराच्या ओलीवर वाढलेली ब्राह्मी डोळ्यांना कितीही तजेलदार दिसली तरी पोटात जाता कामा नये. ओलसर जागा आयतीच सापडली तर ती ओल कशाची आहे हे आधी शोधा.

एकच लावायचं असेल तर? लांबून बघायची, उन्हात तापणारी, रोज लक्ष न जाणारी जागा असेल तर जांभळं गवत, डोळे मिटून. नळाजवळची, पायऱ्यांलगतची, येता-जाता हात पोचेल अशी ओलसर जागा असेल तर ब्राह्मी. कुंडीत दोन्ही होतात, पण एका कुंडीत कधीच नको. गवताला खोल, चांगल्या निचऱ्याची कुंडी लागते, तर ब्राह्मीला पसरट भांडं आणि खाली पाणी धरून ठेवणारी ताटली.

माझ्याकडचा उतार दोघांनाही मानवलाय. वर दिलेल्या पाण्यातलं जे निसटतं ते खाली ब्राह्मीकडे येतं. त्याबरोबर वरचं खतही खाली येतं, त्यामुळे गवताला रासायनिक खत आणि कुठलंही कीटकनाशक द्यायचं नाही हे मी ठरवून टाकलंय. गवताचा ठोंब दोन-तीन वर्षांनी मधून पोकळ होतो. तेव्हा वाढीच्या सुरुवातीला तो उकरून, धारदार कुदळीनं फोडून, बाहेरचे जोमदार तुकडे 60 ते 90 सेंटिमीटर अंतरावर लावायचे आणि मधला वाळका भाग कंपोस्टमध्ये टाकायचा.